पाठमोरा कोट

अकोल्याच्या स्टेशनावर जमुनाबाईंनी गर्दीत नवऱ्याला "आवो!" अशी हाक मारली आणि खुशालराव वळले. नवरा वळला नाही, कारण तो जमुनाबाईंच्या मागंच, हातभर अंतरावर, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात मेथीची पिशवी घेऊन उभा होता. मागच्या माणसाला पुढं बघून हाक मारली तर त्यानं वळावं कुठं, हा प्रश्न शेषरावांना पुढं बराच वेळ पुरला. हाक नेहमीचीच होती. जमुनाबाईंनी नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच, लग्नाच्या उखाण्यात घेतलं होतं, आणि तेही इतकं पुटपुटून, की मुलाचं नाव काय हो, असं पंगतीतली माणसं नंतर एकमेकांना विचारत राहिली. तेव्हापासून "आवो" हेच शेषरावांचं नाव. वऱ्हाडात ते झाडून साऱ्या नवऱ्यांचं नाव असतं आणि स्टेशनावर एकीनं हाक मारली की पाचसहा टोप्या वळतात, हे शेषरावांना ठाऊक होतं. पण आपली हाक आपल्याला ओळखू येते तशी आपली पाठही हाकेला ओळखू येत असणार, असं ते धरून चालले होते. आणि तशी ती आलीही. जमुनाबाईंनी पाठ बरोबर ओळखली. तपकिरी लोकरी सर्जाचा लांब कोट, उजव्या खांद्यावर उन्हानं विटलेला पट्टा, मागं चिरेपाशी त्यांनीच स्वतः घातलेले काळ्या दोऱ्याचे टाके. पाठ शेषरावांचीच होती. आत फक्त खुशालराव होते.

खुशालराव म्हणजे जमुनाबाईंच्या धाकट्या बहिणीचे, शकुनचे यजमान, शेषरावांचे साडू. या दोघांना उतरवून घ्यायला ते आले होते आणि डबा चुकल्यामुळं पुढच्या टोकाकडं शोधत निघाले होते. वळल्यावर त्यांनी आधी जमुनाबाईंकडं पाहिलं, मग त्यांच्या मागच्या माणसाकडं पाहिलं, मग स्वतःच्या अंगावर पाहिलं, आणि सगळा हिशेब लागून ते पोट हलवून हसले. "काय जी शेषरावजी! कोट देल्ला तं देल्ला, त्याच्यासंगं हाकबी पाठवून देल्ली काय मले?" जमुनाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. हमाल हसला. शेषरावही हसले. हसताना गाल वर ओढून न्यावे लागतात इतके ते सैल झालेत, ही गोष्ट त्यांच्या अलीकडंच लक्षात आली होती.

टांग्यात खुशालराव पुढं टांगेवाल्याशेजारी बसले आणि मागच्या बैठकीवर, रस्त्याकडं तोंड करून, जमुनाबाई आणि शेषराव. त्यामुळं दोन साडूंच्या पाठी मधल्या फळीवरून एकमेकींना टेकल्या. फळी बेताचीच होती, आणि शेषरावांच्या पाठीवर आता मांसाचा पडदा फारसा उरला नसल्यामुळं सर्जाचा तो खरखरीत स्पर्श सदऱ्यातून नीट कळत होता. हा कोट त्यांनी आजवर आतून ओळखला होता. बाहेरून तो असा लागतो याची त्यांना कल्पनाच नव्हती. टांगा खड्ड्यात गेला की कोट त्यांना मागून ढकली. कोट गरम होता. परक्या अंगाची ऊब आपल्या कपड्यातून येऊन आपल्याच मणक्याला शेकते आहे, ही गोष्ट इतकी चमत्कारिक होती की मोर्णा नदीचा पूल कधी आला ते शेषरावांना कळलं नाही. जमुनाबाई दूर पळत चाललेल्या स्टेशनाकडं, कुणीतरी तिथंच राहून गेल्यासारख्या, पाहत होत्या.

हा कोट शिवला त्या वर्षी शेषराव अमरावतीच्या कापसाच्या जिनात वजनकाट्यावरचे मुख्य झाले होते. काट्याची खुर्ची मोठी होती आणि खुर्चीनं त्यांना आपल्या मापाचं करून घेतलं. भातकुलीकडचे, धामणगावकडचे कास्तकार कापसाच्या गाड्या घेऊन यायचे आणि गाडी सोडायच्या आधी कोटाला रामराम करायचे. भाव काट्याच्या हातात नसतो हे त्यांनाही ठाऊक असायचं, पण अडीच मणाच्या माणसाकडून वजन झालं की त्यात खोट नसणार असं वाटायचं. शेषरावांनाही वाटायचं. आपण बोललेलं वाक्य पोटातून येताना जड होऊन येतं आणि समोरच्यापाशी जाऊन बसतं, असा त्यांचा अनुभव होता. मग एके दिवशी पाय बधिर झाला म्हणून डॉक्टरांकडं गेले, आणि डॉक्टरांनी लघवीत साखर सापडल्याचं सांगितलं. लढाई चालू होती, रेशनच्या कार्डावरची साखर मुंग्यांनाही पुरत नव्हती, आणि अशा काळात ती शेषरावांच्या लघवीत निघावी याचं जिनातल्या लोकांना फार अप्रूप वाटलं. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर पाय उतरवावा लागेल. भात बंद, गूळ बंद, तूप बंद. सकाळी मेथी, दुपारी ज्वारीची अर्धी भाकर, पुन्हा मेथी. शेषरावांनी शब्द पाळला. आठवड्याच्या बाजारादिवशी, काटा रिकामा असताना, ते स्वतः पारड्यात बसत आणि हमाल समोरच्या पारड्यातून मापं काढत जाई. कापूस असा उतरला असता तर ओलावा काढून आणलाय म्हणून मालकानं त्याचं कौतुक केलं असतं.

उतरायचं कसं हे डॉक्टरांनी सांगितलं, पण उतरताना घालायचं काय, हे सांगितलं नाही. धोतराचं काही नडलं नाही. धोतर हे शहाणं वस्त्र, त्याला माणूस किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. भानगड वरच्या अंगाची. सदरे खांद्यावरून ओघळू लागले, बंडीत हवा खेळू लागली, अंगठीला आतून दोरा गुंडाळावा लागला. डोकंसुद्धा बारीक होतं ही गोष्ट शेषरावांना टोपी कानांवर येऊन बसली तेव्हा समजली. मग टोपीच्या आतल्या पट्टीत वर्तमानपत्राची घडी घालू लागले, आणि लढाईची बातमी कपाळाला घामानं चिकटून दुपारी आरशात सुलटी वाचता येऊ लागली. नवे कपडे शिवायचे तर कापड कार्डावर. सारा वऱ्हाड कापसानं पांढरा आणि अंगाला लावायला वीतभर चिंधी नाही. तरी एकदा ते कार्डावरचं कापड घेऊन शिंप्याकडं गेले. चंद्रभान शिंप्यानं गळ्यातली पट्टी गळ्यातच राहू दिली. म्हणाला, "शेषरावजी, मागच्या खेपेले माप घेतलं तवा तुमी वेगळेच व्हते. आंगानं कुठीतरी एका जागी थांबा, मंग या. उतरत्या मानसाचं माप घेता येत नसते." ते कापड कपाटात पडून राहिलं. तात्पुरतं म्हणून शेषराव मुलाचे, नागपूरला शिकणाऱ्या भगवंतचे, मॅट्रिकच्या वर्षीचे दोन सदरे घालू लागले. मुलानं बापाचं जुनं वापरावं ही रीत. इथं बाप दिवाळीला घरी आलेल्या मुलाच्या अंगातला सदरा पाहून मनात म्हणे, हा याला आखूड कधी व्हायचा.

बाकीचे सदरे जमुनाबाईंनी आटवले. दुपारी ओट्यावर बसून त्या सदरा उलटा करत, दोन्ही कुशी आत मोडत आणि पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब टाका घालत. कात्री मात्र लावत नसत. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला शिंपी आणि बायका माया म्हणतात. शेषरावांच्या सदऱ्यांत ती इतकी साठली होती, की काखेत, कुशीत आणि पाठीच्या मधोमध त्यांना दिवसभर माया बोचत असे. महिन्यानं पुन्हा आटवलं की मायेवर माया. "कापून टाक ना," ते एकदा म्हणाले होते, "तुले एखादी चोळी तरी होईन." जमुनाबाई दोरा दातानं तोडत म्हणाल्या होत्या, "राहू द्या." त्या वेळी त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. टांग्यात, सर्जाला पाठ लावून बसलेल्या अवस्थेत, वाटलं. चोळीच्या कापडासाठी बायका कार्डाच्या दुकानापुढं पहाटेपासून उभ्या राहतात, अशा दिवसांत आपली बायको आयतं कापड कापत नाही. ती ते कुणासाठी तरी राखते आहे. कुणासाठी? हे कपडे पुन्हा सोडले तर ते कुणाच्या अंगाला येतील? उत्तर पाठीला टेकून बसलं होतं आणि टांगेवाल्याला वांग्यांचा भाव सांगत होतं.

कोट शेषरावांनी आपण होऊनच दिला होता, आणि नेमकं तेच त्यांना सहन होत नव्हतं. मागच्या दिवाळीत, सगळ्यांसमोर, "मले आता हा पोत्यासारका होते" असं म्हणत त्यांनी तो अंगातून काढला. त्या वाक्यात किती ऐट होती ते आता आठवलं की कानाच्या पाळ्या तापत. उतरण्याचं तेव्हा नवंनवं कौतुक होतं. खुशालराव तर तेव्हा तुराटीच्या काडीसारखे. तो कोट त्यांच्या खांद्यांवर घातला तेव्हा शेतातल्या बुजगावण्याला घातल्यासारखा दिसला आणि सारं घर हसलं. शेषराव सर्वांत जास्त हसले. पुढं खुशालरावांना छावणीत भाजीपाला पुरवायचं काम मिळालं. माणसं अंगाच्या मापानं कोट शिवतात. खुशालरावांनी कोटाच्या मापानं अंग वाढवलं. महिन्यामहिन्याला अकोल्याची बातमी येई, खुशालराव भरून राहिले, आणि महिन्यामहिन्याला काट्यावरून मापं निघत. शेषराव शिकलेले होते, एकाच्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगाला लागत नाही हे त्यांना कळत होतं. तरी वजनाचं काम करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या मनात एक गोष्ट ठाम असते, की इकडच्या पारड्यातून उतरलेलं कुठंतरी गेलेलं असतं.

नवं घर खुशालरावांनी मळ्याला लागून बांधलं होतं आणि त्याचीच वास्तुशांत होती. अंगणात मांडव, मांडवात माणसं, आणि माणसांच्या मधोमध तपकिरी कोट फिरत होता. शेषराव खांबाशी बसून त्याच्याकडं पाहत राहिले. कोट चालताना जरासा डावीकडं झुकतो हे त्यांना माहीत नव्हतं. का खुशालराव झुकत होते? कोट कुणाच्या खांद्यावर हात ठेवी, कुणाला "बसा जी" म्हणे, आणि लोक बसत. पोटातून जड होऊन आलेलं वाक्य समोरच्यापाशी जाऊन बसताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी स्वतः एकदोघांना "बसा" म्हणून पाहिलं, तर ते उभेच राहिले, एकानं तर वाकून विचारलं, "काय म्हनलं जी?" मग मूर्तिजापूरहून आलेले पंजाबराव मामा, जमुनाबाईंचे मामा, डोळ्यांवर हात धरून त्यांच्यासमोर थांबले.

"हे कोन वं जमुना?"

"कोन म्हंजे? वयखलं नाई काय मामा?"

"थांब, सांगू नको. शेषरावचे लायने भाऊ. हाय का नाई? तोंडावर थोडी झाक हाय." आणि मामांनी मांडवाकडं बोट केलं. "शेषरावजी तं थे काय, तिकडे फिरून राहिले."

बायका हसल्या. जमुनाबाई हसल्या नाहीत. शेषरावांनी आपणच शेषराव असल्याचं सांगितलं. मामांनी त्यांचा हात हातात घेतला, मनगट दाबून पाहिलं, ढेप दाबून पाहावी तसं, आणि हात जिथून उचलला होता तिथं परत ठेवला. एक बाई जमुनाबाईंच्या कानाशी लागून, पण साऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "खाऊ घालत नाईस काय वं तू यायले?" जमुनाबाईंनी पिशवीतून मेथी काढून निवडायला घेतली. वास्तूच्या दिवशी पुरणाच्या घरात त्या एकट्या मेथी निवडत बसल्या, आणि त्यांच्या खाली घातलेल्या मानेवर शेषरावांना असं काही दिसलं की त्यांनी पुन्हा मांडवातल्या कोटाकडं पाहणं पसंत केलं. मत्सराला पाहायला काहीतरी लागतं, आणि कोट निदान पाहण्यासारखा होता.

पंगतीत खुशालरावांनी तुपाची धार थांबवू दिली नाही. सहावी पोळी की सातवी, शेषराव मोजत नव्हते असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक घासाला कोटाचं मधलं बटण दोऱ्याच्या टोकाशी येऊन उभं राही आणि पुन्हा आत जाई. शेषरावांचं सारं जेवण त्या बटणाकडं पाहण्यात झालं. आपल्या पोटावर होतं तेव्हा ते कसं निमूट बसलेलं असायचं! शेवटी खुशालराव कुणाच्या तरी विनोदाला मागं रेलून हसले आणि बटण सुटलं ते थेट पंजाबराव मामांच्या वरणात. मामांनी ते चाचपून सुपारी म्हणून कडेला ठेवलं. शेषरावांच्या मनात आनंद उसळला. त्या दिवसातली त्यांच्या वाट्याची तेवढी एक गोड वस्तू, आणि डॉक्टरांनी ती बंद केलेली नव्हती.

तो आनंद मामांच्या ताटातली सुपारी बटण ठरेपर्यंतच टिकला. जेवणं झाल्यावर शेषराव पाणी प्यायला आत गेले, तर माजघरात जमुनाबाई मांडीवर कोट घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी शकुन पान लावत होती. जमुनाबाईंच्या कमरेच्या बटव्यात सुईदोरा कायम असे. गेलं वर्षभर त्या सुई घेऊनच जगत होत्या. बटण लावून झालं होतं. "बाई," शकुन म्हणत होती, "शिवनीतून वाईच सोडशीन काय? यायले तंग होऊन राहिला आता." शेषराव दाराआड थांबले. जमुनाबाईंनी कोट उलटा केला. अस्तराखाली बोटं घातली आणि एकेका शिवणीवरून अशी फिरवली, की शेषरावांच्या स्वतःच्या बरगड्यांवर काटा आला. "माया सरली याच्यातली," त्या म्हणाल्या. "आमच्या यायनंच वापरली सारी. दर सालाले मीच सोडत गेली ना. पाह्य, हे माहेच टाके." मग शकुन पानाचा डबा ठेवायला उठली, आणि खोलीत कुणी नाही असं पाहून जमुनाबाईंनी कोटाची कॉलर नाकाशी नेली. क्षणभरच. काय शोधलं, सापडलं की नाही, चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यात आता कांद्यालसणाचा आणि खुशालरावांच्या विडीचा वास असणार. शेषराव पाणी न पिताच मागं फिरले. तहान त्यांना एरवीही फार लागे, त्या रोगात लागतेच. पण ही घसा सोडून दुसरीकडंच कुठंतरी लागली होती.

दुपारी पुरणानं सारं घर आडवं केलं. मांडवातही घोरणं चालू झालं. कोट ओसरीच्या खुंटीवर होता. शेषराव उठले, त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि स्वतःचाच कोट चोरून अंगात घातला. आत गेल्यासारखं वाटलं, एखाद्या खोलीत. पूर्वी या खोलीत ते भिंतीपासून भिंतीपर्यंत राहत असत, आता मधोमध उभे होते. बाह्यांतून बोटं बाहेर येईनात. अस्तराचा थंडपणा कुठंच अंगाला लागेना, फक्त कॉलर मानेला लागली आणि ती ओलसर होती. तरी ते मागच्या दारानं परसात गेले आणि घराकडं पाठ करून संत्र्यांच्या टोपल्यांपाशी उभे राहिले. जमुनाबाई झोपणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. त्या येतील, दारातून पाठ पाहतील, आणि हाक मारतील. वळायचं कसं, तेही त्यांनी ठरवलं, घाई न करता, डाव्या खांद्यावरून, काट्याच्या खुर्चीत असताना वळत तसं. उन्हात संत्र्यांचा आंबूस वास सुटला होता. एक गांधीलमाशी टोपलीवरून उठून कोटाच्या बटणाशी आली आणि परत गेली. मागं दाराशी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. शेषरावांनी पाठ ताठ केली. इतकी ताठ की माया बोचली. हाक आली नाही.

"काढा तो," जमुनाबाई म्हणाल्या. "लोकाचा हाय."

शेषराव डाव्या खांद्यावरून वळले, पण कोट जागचा हलला नाही, त्यामुळं ते आतल्या आतच वळले. "सकायी तं यालेच हाक मारली व्हती."

"मारली."

"पाठ पाहून."

"पाठ पाहूनच मारतेत हाक. तोंड दिसल्यावर काहून मारन कोनी?"

"मंग आता पाठच तं करून उभा व्हतो मी. आता काहून नाई मारली?"

जमुनाबाई पायरीवर बसल्या. "सकायी तो भरेल दिसत व्हता," त्या म्हणाल्या.

"कोन, खुशालराव?"

"कोट. गाडीत मूर्तिजापूर सोडल्यावर माहा डोया लागला. उतरली तं झोपीतच व्हती अर्धी. पुढं पाह्यलं, तं तुमी चालून राहिले, पयलेसारके, डौलात. मले वाटलं, भरले. देवानं केलं काई तरी, झाले माहे माणूस पयलेसारके. म्हनून जोरानं मारली हाक. एवढी जोरानं मी कदी मारली हाय काय? मंग ते वळले."

"आन् मी?"

"तुमी मांगच व्हते."

शेषरावांनी डॉक्टरांची साक्ष काढली. डॉक्टर खूश आहेत, पाय वाचला, हे उतरणं रोगाचं नाही, औषधाचं आहे, साखर गेली. "साखर गेली," जमुनाबाई म्हणाल्या, "तिच्यासंगं तुमीबी जाऊन राहिले. बाया सकायपासून माह्या कपायाकडे पाहून राहिल्या. कुकू किती दिवसाचं हाय ते मोजून राहिल्या मनात." यावर डॉक्टरांचं काही म्हणणं नव्हतं. शेषरावांनी कोट काढायला घेतला, आणि काढता काढता, तोंड कॉलरच्या आत असताना, जे समोर विचारण्याची हिंमत नव्हती ते विचारून टाकलं. "माह्या सदऱ्याईतलं कापड काहून कापत नाईस तू? खुशालरावासाठी ठेवून राहिली काय?"

जमुनाबाईंनी इतक्या आश्चर्यानं पाहिलं की शेषरावांना, कोट अर्धा अंगात आणि अर्धा बाहेर असताना, फार लहान वाटलं. "त्याले तुमचे सदरे कायले पायजेत? तो आता कापडाचे ठानचे ठान आनते घरात."

"मंग कोनासाठी?"

"तुमच्यासाठीच ना. वापस याल तवा लागन."

कोट खुंटीवर परत गेला आणि शेषराव त्याच्याखाली बसून राहिले. मत्सर करायला आता खुशालरावही उरले नव्हते. बिचाऱ्या खुशालरावांनी सकाळपासून फक्त जागा भरली होती. ज्याच्यासाठी माया राखून ठेवली होती, ज्याची वाट जमुनाबाई स्टेशनावर पाहत होत्या, ज्याचा वास कॉलरमध्ये शोधत होत्या, तो अडीच मणाचा गृहस्थ त्यांना आता स्पष्ट दिसू लागला. जिन्यावर दमणारा, पंगतीत पुन्हा वाढून घेणारा, रात्री घोरणारा, पाय बधिर झाला तरी कुणाला न सांगणारा. काय केलं होतं त्यानं या बाईसाठी? उन्हाळ्यात तिच्याकडून वारा घालून घेतला. आणि मी, मेथी खाल्ली, पाय वाचवला, तिला विधवा होऊ दिलं नाही, आणि माझ्याच सदऱ्यात ती त्याची जागा राखून ठेवते! शेषरावांना त्याचा असा राग आला की समोर असता तर त्यांनी त्याला काट्यावरून खाली उतरवलं असतं. तो समोर नव्हता. त्याचं माणसांत वावरणं, त्याचं "बसा जी", त्याची जड वाक्यं, सगळं त्यांना आठवत होतं आणि एकाही जागी दोष सापडत नव्हता. मेलेल्या सवतीचं असंच असतं म्हणतात. पण हा मेलाही नव्हता. हा गावाला गेला होता आणि कधी परत येईल याचा नेम नव्हता.

संध्याकाळच्या गाडीनं ते निघाले. खुशालराव स्टेशनावर आले, पण अंगात नवा सदरा घालून, कोट कुठं आहे हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, फक्त संत्र्यांची टोपली खिडकीतून आत ठेवताना म्हणाले, "बाईसाठी हायेत जी. तुमी वास घ्या." गाडीभर दोघं आपापल्या बाजूच्या अंधाराकडं पाहत बसले. बडनेऱ्याला अमरावतीसाठी गाडी बदलायची असते, आणि त्या दिवशी छावणीतले शिपाई, यात्रेकरू आणि कोंबड्यांच्या डालग्या साऱ्यांना एकाच दारातून एकाच गाडीत शिरायचं होतं. शेषराव ट्रंक डोक्यावर घेऊन पुढं घुसले. आपल्या बारीक झाल्याचा हा एक उपयोग त्यांना कुणी सांगितला नव्हता. जिथं पूर्वी सारं स्टेशन त्यांना वळसा घालून जाई, तिथं ते आता दोन माणसांच्या मधून निसटत होते. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपली पाठ मागं आहे आणि तिच्यावर कोट नाही. खांदे आत आलेला, पांढऱ्या सदऱ्याचा, अर्ध्या वऱ्हाडासारखा एक माणूस. ही पाठ कुणाला ओळखू येणार? आता हाक येईल, त्यांनी ठरवलं, आणि ती आली की त्या पाचसहा टोप्या वळतील, पण मी आधी वळेन. ते हळू झाले. हाक येईना. आणखी हळू झाले. मागून लोकांनी ढकललं. कुठंतरी लांब कुणीतरी "आवो!" म्हणून ओरडलं, त्यांचा पाय थांबला, पण तो आवाज दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोचा होता. ती चुकली, त्यांना वाटलं. गेली कुठल्यातरी भरल्या पाठीमागं. वळून पाहायचं तर डोक्यावर ट्रंक; मान वळत नव्हती. ते पुढं सरायला गेले आणि सदऱ्यानं त्यांना मागं ओढलं.

पाठीच्या मधोमध, जिथं रोज बोचायचं तिथं, कुणीतरी घट्ट धरलं होतं. मायेचा तो सारा गोळा मुठीत पकडून. मूठ बांगड्यांची होती. गर्दीचा धक्का बसला की वाजत होती. किती वेळपासून धरलं होतं कोण जाणे. बहुतेक गाडीतून उतरल्यापासूनच, कारण ती जागा आता गरम झाली होती.

"सोड ना वं," शेषराव समोर बघतच म्हणाले. "उसवते तो."

"उसवू द्या," मागून जमुनाबाई म्हणाल्या. "आत माया हाय लय. चाला तुमी."